आधी बिल वाचा, मग बांबूचा ब्रश घ्या

मॉलमधल्या ‘इको-फ्रेंडली’ वस्तूंच्या कपाटापुढे उभं राहिलं, की पर्यावरण हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे अशी खात्री पटते. बांबूचा टूथब्रश ऐंशी-नव्वद रुपयांना, स्टीलच्या स्ट्रॉंचा संच दोन-अडीचशेला, नारळाच्या करवंटीचा वाडगा त्याहून महाग. महिन्याचं अंदाजपत्रक सांभाळणारं माणूस हे पाहतं, मान डोलावतं आणि पुढे जातं. ते बरोबरच करतं. चार जणांच्या घरात वर्षभरात प्रत्येकी चार ब्रश लागले, तरी सगळ्यांचं मिळून प्लास्टिक पाव किलोच्या आसपास भरतं. दीड टनाचा एसी एक रात्र चालला, तर हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड त्या पाव किलो प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त असतो.

घराचा भार पर्यावरणावर पडतो तो मुख्यतः तीन वाटांनी: विजेचा मीटर, गॅसचा सिलिंडर आणि गाडीची टाकी. या तिन्हींचं बिल आपल्या हातात पडतं, त्यामुळे काय कमी करायचं हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. देशातल्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशातून येतो, म्हणून एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला २२० युनिट वापरणाऱ्या घराचा वर्षाचा आकडा साधारण १,८५० किलो होतो. वर्षाला आठ सिलिंडर लागत असतील, तर ते ३४० किलो. महिन्याला ६०० किलोमीटर पळणारी पेट्रोलची स्कूटर ३५० किलोच्या आगेमागे. गाडी चारचाकी असेल आणि वर्षाला आठ हजार किलोमीटर धावत असेल, तर बाराशे किलो तिचेच. म्हणजे सुरुवात कुठून करायची हा वाद मिटला. मीटरपासून.

खालचे भाव पुण्या-मुंबईच्या बाजारातले आणि अंदाजाचे आहेत. दुकान बदललं की भाव बदलतो. हिशेब करण्याची पद्धत मात्र तीच राहते.

बिलावरचे टप्पे

महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि १०१ ते ३०० ची बरीच महाग असतात. पुढे ३०० आणि ५०० वर आणखी दोन पायऱ्या आहेत. बहुतेक लोक एकूण रकमेला युनिटांनी भागतात आणि ‘आम्हाला दहा-अकरा रुपयांनी वीज पडते’ असं सांगतात. बचतीचा हिशेब असा करायचा नसतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं, तर पहिल्या टप्प्यातलं युनिट साधारण सात रुपयांना आणि दुसऱ्यातलं तेराच्या आसपास पडतं. वापर कमी झाला की युनिटं वरच्या टोकाकडून कमी होतात. त्यामुळे २२० युनिटांच्या घराने ६० युनिटं वाचवली, तर ती सगळी तेरा रुपयांचीच असतात, म्हणजे महिन्याला पावणेआठशे रुपये. उलट ज्यांचं बिल ऐंशी-नव्वद युनिटांतच राहतं, त्यांना तेवढ्याच बचतीचे निम्मे पैसे मिळतात. अशा घरांनी महागड्या उपकरणांच्या नादी लागू नये. त्यांचा पर्यावरणावरचा भार आधीच कमी आहे.

मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, पण टप्प्यांची रचना तशीच. स्वतःच्या बिलावर आपला शेवटचा टप्पा कोणता ते पाहा आणि त्याचा दर लिहून ठेवा. पुढची सगळी आकडेमोड त्या दराने करायची. मी तेरा रुपये धरले आहेत.

पंखा, ट्यूब, एसी

महाराष्ट्रातल्या घरात सर्वांत जास्त तास चालणारी वस्तू कोणती? फ्रिज सोडला तर पंखा. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा ३० ते ३५. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला साधारण २० युनिटं वाचतात. थंडीचे दोन महिने सोडले, तरी वर्षाला दोनशेच्या जवळपास, म्हणजे अडीच हजार रुपये. बीएलडीसी पंखा अडीच ते साडेतीन हजारांना मिळतो, म्हणून सव्वा-दीड वर्षात पैसे वसूल. जुना पंखा जळालाच असेल आणि नवा घ्यायचाच असेल, तर साध्या पंख्यापेक्षा जास्तीचे हजार-बाराशे सहा महिन्यांत सुटतात.

पण घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. हॉलमधला आणि झोपायच्या खोलीतला बदला. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून आठ दिवस फिरणाऱ्या पंख्याला तीन हजार घालणं म्हणजे निव्वळ हौस. दुसरी गोष्ट वायरमनला सांगायला विसरू नका: बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, रेग्युलेटर काढून थेट जोडणी करावी लागते. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. तेवढं केलं नाही की पंखा बिघडतो आणि मग ‘ही नवी फॅडं टिकत नाहीत’ असं ऐकावं लागतं. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकित लेबल सक्तीचं आहे, ते पाहूनच घ्या.

चोकवाली जुनी ट्यूब अजून कुठे असेल तर ती आजच उतरवावी. ती चोकसकट ५० वॅट घेते, एलईडी ट्यूब वीस. रोज सहा तास धरले, तर वर्षाला ६५ युनिटं, म्हणजे आठशे रुपये. नवी ट्यूब दोन-अडीचशेची. याहून चांगला परतावा बँकेत मिळणार नाही. जुनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात फोडून टाकू नका, तिच्यात पारा असतो. ती ई-कचरा संकलनात द्यायची.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आठ-दहा वॅट घेत राहतो. भिंतीवरचं बटण बंद करायला पैसे पडत नाहीत आणि महिन्याची पाच-सहा युनिटं वाचतात.

एसीच्या बाबतीत दुकानदार पाच तारे गळ्यात मारतो. इथे जरा थांबून लेबल वाचा. त्यावर लिहिलेली वर्षाची युनिटं १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. दीड टनाच्या तीन तारे आणि पाच तारे एसींमध्ये त्या हिशेबाने दोनशेच्या आसपास युनिटांचा फरक दिसतो. तुम्ही एप्रिल-मे आणि थोडा जून मिळून रात्री आठ तास एसी लावत असाल, तर तुमचे तास होतात सहाशे. फरक उरला पंचाहत्तर युनिटांचा, म्हणजे वर्षाला हजार रुपये. पाच ताऱ्यांसाठी सहा-आठ हजार जास्त मोजले असतील, तर ते फिटेपर्यंत सात-आठ वर्षं जातील. अशा घराला तीन तारे पुरेत. वाचलेल्या पैशांत दोन बीएलडीसी पंखे येतात आणि तेच जास्त कोळसा वाचवतात. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा वेगळा. तिथे मार्चपासून दिवसरात्र एसी चालत असेल, तर पाच तारे घ्या, चर्चा नको. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. म्हणून दोन वेगळ्या वर्षांच्या एसींची तुलना करताना तारे मोजू नका, युनिटांचा आकडा पाहा.

तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात. आपण लगेच रिमोट उचलून १८ करतो आणि मध्यरात्री गोधडी शोधतो. २६ वर एसी आणि वर मंद पंखा हे बहुतेकांना पुरतं. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा असतो, त्यासाठी माणूस बोलवावा लागत नाही.

आंघोळीचं पाणी

वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ पर्यंत तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. हे भौतिकशास्त्र आहे, कोणत्याही कंपनीचा कॉइलवाला गिझर याहून कमी विजेत हे काम करू शकत नाही. चार जणांच्या आंघोळी म्हणजे रोज दोन युनिटं, महिन्याला साठ, सुमारे पावणेआठशे रुपये. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणारे लोक साठ-सत्तर लिटर सहज संपवतात, तेव्हा हाच आकडा तिप्पट होतो. बादली-तांब्याची आंघोळ हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. ज्यांच्या घरी मुलं शॉवरशिवाय ऐकत नाहीत, त्यांनी निदान शॉवरचं तोंड कमी प्रवाहाचं बसवावं.

छत आपलं असेल तर सौर बंब उत्तम. १०० लिटरचा संच तीन-चार माणसांना पुरतो आणि किंमत वीस ते तीस हजारांच्या दरम्यान पडते. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने असा संच वर्षाला १,५०० युनिटांपर्यंत वीज वाचवू शकतो. आपल्याकडच्या बादलीच्या आंघोळींना मुळात तेवढी वीज लागत नाही, त्यामुळे निम्मी बचत धरून चाला. तरी तीन वर्षांत पैसे फिटतात. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. संच चालू स्थितीत असल्याची तपासणी होते, हे लक्षात ठेवा.

दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार बसतात आणि काही वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. आणि बंब वरच्या गच्चीवर, तुम्ही खालच्या मजल्यावर असाल, तर गरम पाणी येईपर्यंत दीड-दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. ते धुण्याला लावायची सवय नसेल, तर विजेची बचत पाण्यात जाते.

गॅस की इंडक्शन?

‘गॅस सोडा, इंडक्शन घ्या’ हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. आपल्या राज्यात, आजच्या विजेवर, तो सरसकट खरा नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जेवढी उष्णता प्रत्यक्ष भांड्याला मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला १३५ ते १४० युनिटं लागतात. पहिल्या टप्प्यातली वीज असेल तर हजाराच्या आतबाहेर खर्च, म्हणजे सिलिंडरच्या किमतीच्या जवळपास. पण ही युनिटं नेहमीच्या वापरावर चढतात, त्यामुळे बहुतेक घरांत ती तेरा रुपयांनीच पडतात. तेव्हा खर्च होतो अठराशे. धुराचा हिशेबही उलटाच आहे. सिलिंडर जळताना ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तर तेवढ्या विजेसाठी कोळशाची चिमणी नव्वदहून जास्त किलो सोडते. स्वयंपाकघरातली हवा स्वच्छ राहते आणि ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला धग लागत नाही, हे इंडक्शनचे खरे फायदे. त्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. छतावर स्वतःचं सौर पॅनेल असेल तर पारडं पूर्ण फिरतं, मग इंडक्शनसारखं दुसरं काही नाही.

गॅसवर राहणाऱ्यांनी एक सिलिंडर वर्षाला वाचवायचा म्हटलं तर सवयीच पुरतात. डाळ अर्धा तास भिजवायची. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, कारण शिट्टीतून जाते ती वाफ फुकट जाते. वरण, भात, बटाटे वेगवेगळे न शिजवता एकाच कुकरमध्ये डबे लावायचे. फ्रिजमधलं दूध बाहेर काढून थोडं थांबायचं. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घ्यायचा, त्याचे दोन-तीनशे रुपये. हे सगळं घरातल्या मोठ्या बायांना पाठ आहे. ज्या नव्या मंडळींनी स्वयंपाक व्हिडिओ पाहून शिकलाय, त्यांच्यासाठी लिहिलं.

छतावरची वीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये अनुदान आहे. त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी ७८,००० च्या वर मिळत नाही. योजनेच्या नावातलं ‘मुफ्त’ मनावर घेऊ नका. पैसे आधी आपण घालायचे असतात, अनुदान नंतर आपल्या बँक खात्यात येतं.

एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि तो रोज चार युनिटं देतो. म्हणजे २२० युनिटांच्या घराला दोन किलोवॅट पुरतात. ‘तीनच घ्या, अनुदान पूर्ण मिळेल’ असा आग्रह होईल. जास्तीची वीज तुमच्या नावावर जमा होते, पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना जो भाव मिळतो तो तुमच्या बिलातल्या दरापेक्षा खूप कमी असतो. पुढे इंडक्शन किंवा विजेची गाडी घ्यायची असेल तरच मोठा संच बसवा. दोन किलोवॅटचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास, अनुदान साठ हजार, खिशातून साठ ते ऐंशी हजार. बिल चोवीसशेवरून स्थिर आकारापुरतं उरतं. अडीच-तीन वर्षांत पैसे वसूल होतात आणि पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं. ज्यांचं बिल नव्वद युनिटांचं आहे त्यांना हाच प्रवास पाच-सहा वर्षांचा पडतो. त्यांनी घाई करण्याचं कारण नाही.

अर्ज करण्याआधी तीन गोष्टी पाहा. वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे तेच नाव अर्जात आणि बँक खात्यात हवं. वडिलांच्या नावावरचं मीटर आणि मुलाच्या नावावरचं खातं, इथे अनेकांचं अनुदान अडकतं. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनेल देशात बनलेल्या सेलचं. नाहीतर अनुदान मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुनं दरपत्रक पुढे केलं तर नवं मागा.

कोकणात आणि गोव्यात सांगाड्यावर कंजुषी नको. खाऱ्या हवेत साधं लोखंड चार पावसाळ्यांत कुजतं. जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड-रत्नागिरीतली छपरं कशी उडाली ते तिथल्या लोकांना सांगायला नको. गरम जस्त चढवलेला सांगाडा आणि पक्के बोल्ट यांचे काही हजार जास्त पडतात, ते द्यावेत. पॅनेल दर पंधरा दिवसांनी सकाळी, गार असताना, साध्या पाण्याने पुसायचं. पावसाळ्यात निर्मिती घटणार, तेव्हा जुलैचं बिल पाहून विक्रेत्याशी भांडू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामाईक असते, त्यामुळे एकट्याचं पॅनेल अवघड. पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्यावा. नंतर कोणी थांबत नाही.

पिण्याचं पाणी

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर सोडून देतं. रोज पंधरा लिटर पिण्याला-स्वयंपाकाला लागत असतील, तर वर्षाला सोळा हजार लिटर मोरीत. दहा हजारांच्या टँकरने हिशेब केला तर दीड टँकर. आणि हे यंत्र अनेक घरांत लागतच नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. भातसा-वैतरणेचं मुंबईत येणारं किंवा खडकवासल्याचं पुण्यात येणारं धरणाचं पाणी त्याहून पुष्कळ खाली असतं. हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशेला मिळतो, शेजाऱ्यांत मिळून एक घेतला तरी चालतो. आकडा पाचशेच्या आत असेल आणि पाणी पालिकेचं असेल, तर अतिनील किरणांचं म्हणजे यूव्ही यंत्र किंवा नुसता यूएफ फिल्टर पुरतो. तो काही हजारांनी स्वस्त पडतो आणि आरओच्या पडद्यावर दोन-तीन वर्षांनी होणारा खर्चही टळतो. बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या वसाहतींना मात्र आरओ लागू शकतो. तिथे सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरा. झाडांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, जिला प्लंबर एरेटर म्हणतात, शंभर-दीडशेला येते आणि भांड्यांच्या नळाचं पाणी निम्म्याने कमी करते.

पिशवी, कप, कचरा

कापडी पिशवी विकत घेतली म्हणून पर्यावरण वाचत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली, तेव्हा ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला पाणी, खत, वीज सगळं लागतं. त्यामुळे प्रत्येक परिषदेत आणि लग्नात मिळणाऱ्या छापील पिशव्यांचा घरात ढीग होणं ही बचत नाहीच. जुन्या साडीची किंवा पँटची पिशवी शिवून घ्या. शिंपी वीस-तीस रुपये घेतो आणि तो कपडा आधीच तयार झालेला असतो. दंडापुरता हिशेब करायचा तर महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये लागतात.

पाळीसाठीचा सिलिकॉनचा कप तीनशे ते पाचशे रुपयांना मिळतो आणि नीट वापरला तर अनेक वर्षं टिकतो. पॅडवर वर्षाला हजार-बाराशे सहज जातात, म्हणजे कपाचे पैसे पाच-सहा महिन्यांत सुटतात. शिवाय पॅड वेचणाऱ्या हातांचा त्रास वाचतो. सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात. ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, पॅड कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळं द्यावं.

ओला कचरा जिरवणं मी मीटर-सिलिंडरच्या खालोखाल ठेवेन. देवनार असो की उरुळी देवाची, डेपोत दबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरतो. बाजारातले तयार संच दीड ते चार हजारांचे आहेत. रंगाच्या दोन जुन्या बादल्यांना भोकं पाडली तर काम तेच होतं, खर्च शून्य. खाली वाळका पाला किंवा कोकोपीट, त्यावर भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, वर पुन्हा पाला. वास आला तर समजा ओलं जास्त झालं. दोन महिन्यांत खत मिळतं. उष्टं, तेलकट आणि हाडं सुरुवातीला घालू नका. सोसायटीत लाखो रुपयांचं खतयंत्र घ्यायचा प्रस्ताव आला तर आधी विचारा, त्याला वीज किती लागते आणि ते चालवणार कोण. अनेक ठिकाणी ती यंत्रं झाकून ठेवलेली आढळतात. विटांचे हवेशीर हौद स्वस्त आणि टिकाऊ.

कपड्यांबाबत एकच सांगतो. जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण तुमच्या गल्लीत अजून येत असेल, तर तिला परत पाठवू नका. तिच्याकडचे कपडे पुढे विकले आणि वापरले जातात. ‘रिसायकल’ लिहिलेल्या मॉलमधल्या पेटीतले कुठे जातात ते तिथला विक्रेता सांगू शकत नाही.

गाडी

पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५-५० किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. विजेची स्कूटर घरी चार्ज केली तर तेरा रुपयांच्या विजेवरही चाळीस-पंचेचाळीस पैसे. धूरही निम्मा, कोळशाची वीज धरूनसुद्धा. रोज ३० किलोमीटर जाणाऱ्याचे वर्षाला पंधरा-सोळा हजार वाचतात आणि किमतीतला फरक दोनेक वर्षांत निघतो. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्याला मात्र वाचतात वर्षाला पावणेतीन हजार. त्याने चालू स्थितीतली गाडी विकून नवी घेऊ नये. नवी गाडी आणि बॅटरी बनवतानाही कार्बन जातो. जुनीची हवा आणि ऑइल नीट ठेवलं तरी खूप. घेताना ऑन-रोड किंमत विचारा, राज्याच्या ई-वाहन धोरणातल्या सवलती त्यात धरल्यात का ते तपासा आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची ते लेखी घ्या.

मुंबईत लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासशी कोणतंच वाहन स्पर्धा करू शकत नाही. ठाण्याहून सीएसएमटीचा महिन्याचा पास एका वेळच्या ओला-उबरपेक्षा स्वस्त पडतो. पुण्यात चित्र तितकं सोपं नाही. पीएमपीचा मासिक पास जून २०२५ पासून ९०० वरून १,५०० रुपये झाला आणि तेवढ्या पैशांत स्कूटर साडेसहाशे किलोमीटर पळते. ‘बस स्वस्त’ हे पुणेकराला पटत नाही, त्याला कारण आहे. सर्व्हिसिंग, विमा, टायर आणि पार्किंग धरलं तर बस जिंकते, पण थोडक्यात. एसटीने गावी जाणाऱ्या महिलांना मात्र मार्च २०२३ पासून तिकीट अर्धं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. चौघांच्या कुटुंबात आई-आजी असतील, तर कार काढण्याआधी एसटीचं भाडं जरूर मोजा. कारला किलोमीटरमागे सात रुपयांचं पेट्रोल लागतं, टोल वेगळा.

आणि एक किरकोळ काम, बिल हातात आहेच तर. महावितरणच्या बिलावर वरच्या बाजूला जीजीएन असा क्रमांक छापलेला असतो. तो संकेतस्थळावर टाकून ‘गो ग्रीन’ची नोंदणी केली की कागदी बिल बंद होतं, ईमेलवर येतं आणि दर बिलाला दहा रुपये सूट मिळते. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षाला एकशेवीस रुपये. जुनी बिलं मात्र रद्दीत घालण्याआधी बारा महिन्यांची युनिटं एका कागदावर उतरवून घ्या. पंखा बदलल्यावर फरक पडला की नाही, ते त्यावरूनच कळेल.